आमच्या भागातलं कुटुंब-आधार केंद्र : मोठ्या मुलांना नुसतं येऊन बसू देणारी जागा

मत आधी सांगते, कारणं मागून. आमच्या भागातल्या कुटुंब-आधार केंद्रात सगळ्यात मोलाची जी गोष्ट आहे, ती त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलीच नाही. पत्रकात समुपदेशन आहे, पालकांचा गट आहे, अभ्यासिका आहे, शेजाऱ्यांचा मेळावा आहे. पण चौदा-पंधरा वर्षांचं मूल कुठलंही कारण न सांगता आत येऊ शकतं, एखादी खुर्ची धरून तास-दोन तास बसू शकतं आणि कोणी त्याच्यासमोर येऊन ‘काय झालं, बोल ना’ म्हणत नाही, हे पत्रकात कुठेच नाही. माझ्या भाचीला सावरलं ते या न छापलेल्या सोयीनं. म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडे असते. शाळा बुडवत नव्हती, गुण घसरले नव्हते, कोणाशी भांडत नव्हती. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्यांना सगळं ठीक वाटायचं. घरात मात्र ‘हो’, ‘नको’, ‘झालं’ यापलीकडे शब्द नाही. मी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर काम करते. आमच्याकडे भिंतीवरच जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे लावलेले आहेत: १० ते १९ या वयातल्या दर सात मुलांपैकी एकाला मानसिक आजाराला तोंड द्यावं लागतं. मानसिक आजारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत झालेली असते, असंही अभ्यास सांगतात. दुःख म्हणजे आजार नव्हे, हे मला कळतं. पण एवढं दुःख एकट्यानं गिळत राहिलं की माणसाचं काय होतं, तेही मी खिडकीतून बघत आले आहे. तिला कोणाकडे तरी न्यायचं मी ठरवलं, तर “मला काही झालेलं नाही मावशी, मी येणार नाही” म्हणून तिनं विषय संपवला.

केंद्राच्या समन्वयक ताईंना मी फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग तिला समुपदेशकाकडे आणूच नका. मोठ्या मुलांच्या खोलीपाशी सोडा आणि तुम्ही निघा. आत यायचं की दारातून परत फिरायचं, ते तिचं तिला ठरवू दे.”

या खोलीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण अशी खोली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. भिंतीवर प्रेरणादायी वाक्यं नाहीत, आणि त्याचं मला फार बरं वाटलं. एका बाजूला पुस्तकांची कपाटं, एका बाजूला बुद्धिबळाचे दोन पट, आणि मधोमध एक मोठं टेबल. त्या टेबलावर हजारेक तुकड्यांचं जोडचित्र कायम अर्धवट पडलेलं असतं. येता-जाता कोणीही दोन तुकडे लावतं. दुसऱ्याशी न बोलता दुसऱ्याबरोबर काहीतरी करण्याची इतकी सोपी युक्ती असू शकते, हे मला तिथे कळलं. भाची सुरुवातीला फक्त चित्राच्या कडा शोधायची. मग समोर बसणारी एक मुलगी तिच्यासाठी कडांचे तुकडे बाजूला काढून ठेवायला लागली. त्यांच्यात पहिलं वाक्य कधी बोललं गेलं मला माहीत नाही, आणि ते कोणी मला येऊन सांगितलंही नाही, हे योग्यच झालं.

खोलीत दोन मोठी माणसं कायम असतात. एकटं मोठं माणूस आणि मुलं असं कधीच नाही, हा त्यांचा पक्का नियम आहे. दोघांपैकी एक जरी आजारी पडलं तरी त्या दिवशी खोली बंद ठेवतात. पहिल्यांदा दाराला कुलूप दिसलं तेव्हा मी वैतागले होते; कारण कळल्यावर मनात केंद्राची किंमत वाढली. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासलेली आहे का, हे विचारल्यावर ताईंनी जराही न दुखावता कशी तपासतात ते समजावून सांगितलं. जिथे या प्रश्नाचा राग येतो तिथे मूल ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं बदलत नाहीत. अमुक वारी अमुक दादा आणि अमुक ताई, हे वर्षभर ठरलेलं. ज्या मुलीच्या आयुष्यातून सगळ्यात जवळचं माणूस निघून गेलं आहे, तिला पुढच्या आठवड्यातही तेच दादा तिथेच पुस्तकांना कव्हर घालत बसलेले दिसणार, याचं मोल मी शब्दात सांगू शकत नाही.

आता नोंदणीबद्दल, कारण ते माझं रोजचं काम आहे आणि मला त्यातलं लगेच खटकतं. पुढच्या टेबलावर नाव मोठ्यानं पुकारत नाहीत. कशासाठी आलात, हे रांगेतल्या बाकीच्यांसमोर विचारत नाहीत. मोठ्या मुलांसाठी अर्धं पान फॉर्म असतो: तुला कोणत्या नावानं हाक मारलेली आवडेल, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, काही औषध किंवा अ‍ॅलर्जी आहे का. बस. बाकीची माहिती मूल रुळल्यावर, गरज पडली तर. आमच्याकडच्या लांबलचक फॉर्मांनी किती माणसं दारातूनच परत जातात ते मी पाहिलं आहे, त्यामुळे हा अर्ध्या पानाचा फॉर्म ज्यानं केला त्याला माणसं कळतात असं मी म्हणेन.

पण मोठ्यांच्या फॉर्मवर ‘आईचे नाव’ आणि ‘वडिलांचे नाव’ असे दोनच रकाने होते. भाची शेजारी उभी होती. त्या पहिल्या रकान्याकडे ती ज्या नजरेनं बघत राहिली, ते बघून मी पेन खाली ठेवलं. दुःखातून जाणाऱ्या कुटुंबांसाठी चालवलेल्या जागेत हा रकाना असा असणं मला पटलं नाही आणि मी ते त्यांना लेखी दिलं. आता तिथे ‘मुलाची काळजी घेणारी मोठी माणसं’ असा एकच रकाना आहे आणि खाली नातं लिहायला जागा. बदल करायला त्यांनी वेळ घेतला, पण केला. आजीआजोबांकडे, काकांकडे, मोठ्या भावाकडे वाढणारी कितीतरी मुलं असतात. त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

समुपदेशकांच्या खोलीबाहेर दोन-तीन खुर्च्या आहेत आणि तिथे नेहमी एक स्वयंसेवक असतो. काही विचारत नाही, सल्ला देत नाही; तुम्ही बोललात तर ऐकतो. मला आधी वाटलं, रांग सांभाळायला बसवला असेल. ताईंनी यामागची हकिगत सांगितली. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वरा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या माणसांसाठी फोन सुरू केला. त्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. त्यांना भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हा थांबलेल्यांना सोबत म्हणून काही साधी माणसं बाहेर बसायला लागली. वरांच्या लक्षात आलं की त्या माणसांशी बोलून झाल्यावर कित्येकांना आत यायची गरजच उरत नव्हती. १९५४ च्या सुरुवातीला त्यांनी ऐकण्याचं कामच या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. आमच्या केंद्रातल्या त्या खुर्च्यांवर मी स्वतः बसले आहे आणि बहिणीच्या शेवटच्या दिवसांबद्दल जे घरात कोणाशी बोलता आलं नाही, ते तिथे एका अनोळखी आजोबांशी बोलले आहे. ते आजोबा फक्त मान हलवत होते. तेवढं पुरेसं होतं.

समुपदेशकांविषयी एकच सांगते. भाची पुढे आपणहून त्यांच्याकडे गेली. पहिल्याच भेटीत, माझ्यासमोर, त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं की इथे बोललेलं मावशीलाही कळणार नाही. फक्त तू स्वतःला इजा करण्याच्या विचारात असलीस, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असला, किंवा कोणी तुला त्रास देत असलं, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून. मग त्यांनी शांतपणे, नेमक्या शब्दांत विचारलं, जगू नये असं कधी वाटतं का. माझ्या काळजाचा ठोका चुकला. नंतर त्यांनी मला समजावलं की असं सरळ विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, संशोधनातून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलांना हायसं वाटतं. ज्यांच्या घरात काळजी वाटावी असं मूल आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. धोका आत्ताचाच वाटत असेल तर मात्र केंद्राच्या वेळेची वाट बघू नका, थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. केंद्राच्या दारावरही तेच लिहिलेलं आहे.

जवळचं माणूस गमावलेल्या मुलांचा गट वेगळा भरतो. साधारण एका वयाची मुलं गोल करून बसतात. ज्याची पाळी आली त्याला बोलायचं नसेल तर ‘पास’ म्हणायचं, आणि त्यावर कोणी काही म्हणायचं नाही. अमेरिकेत पोर्टलंड शहरात १९८२ साली सुरू झालेल्या ‘डगी सेंटर’मध्ये मुलांचे असे गट चालतात, मेंदूतल्या गाठीनं गेलेल्या डगी नावाच्या मुलाच्या नावानं ती संस्था आहे. आमच्याकडच्या लोकांनी तिथली आणखी एक पद्धत उचलली आहे, ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. मुलांचा गट एका खोलीत चालू असतो त्याच वेळी त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्यांचा गट शेजारच्या खोलीत चालतो. म्हणजे मूल सोडून ताटकळत बसायचं नाही, तुमचंही काम तिथेच चालू.

त्या मोठ्यांच्या गटात मला जे मिळालं ते कुठल्याही व्याख्यानात मिळालं नसतं. मुलांचं दुःख सलग नसतं, येऊन-जाऊन असतं. तासाभरापूर्वी रडलेलं मूल खळखळून हसलं तर त्याला आठवण नाही असं समजू नये, हे मला तिथे बसलेल्या एका वडिलांनी सांगितलं. दुसऱ्या एका आजींनी विचारलं, “तुम्ही तिच्यासमोर तिच्या आईचं नाव घेता का?” मी घेत नव्हते. भाचीला त्रास होऊ नये म्हणून घरात सगळेच ते नाव टाळत होतो, फोटोही आतल्या खणात ठेवले होते. आजी म्हणाल्या, “मग तिला वाटत असेल, आईला विसरायचं ठरलंय या घरात.” मी त्या आठवड्यात फोटो बाहेर काढले आणि आईच्या वस्तूंपैकी काय ठेवायचं ते तिलाच विचारलं. तिनं चष्मा मागितला. तो आता तिच्या टेबलावर असतो.

या गटात पुरुष फार कमी येतात. ‘या, बसा, मन मोकळं करा’ म्हटलं की येत नाहीत, हे केंद्रालाही कळलेलं आहे. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे दुरुस्तीची दुपार. महिन्यातून एकदा अंगणात टेबलं मांडतात. बंद पडलेले दिवे, पंखे, सायकली, उसवलेली दप्तरं घेऊन लोक येतात आणि ज्यांना जमतं ते दुरुस्त करतात. २००९ मध्ये मार्टीन पोस्टमा या पत्रकार बाईंनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला, त्यावरून हे घेतलं आहे. वस्तू फेकू नये हा तर हेतू आहेच. पण हातात स्क्रू-ड्रायव्हर असला की ज्यांच्या तोंडून एरवी शब्द निघत नाही ती माणसं शेजारच्या टेबलावर सहज बोलायला लागतात, आणि मुलंही तशीच. आमच्या समोरच्या घरातले काका निवृत्त वायरमन. काकू गेल्यापासून ते गॅलरीतसुद्धा दिसेनासे झाले होते. त्यांनी भाचीला जळलेली वायर कशी कापायची, टोकं कशी सोलायची, जोड कसा बांधायचा, हे शिकवलं. ती त्यांना मोबाइलवरचे फसवे संदेश ओळखायला शिकवते: अनोळखी लिंक उघडायची नाही, आलेला कोड कोणालाही सांगायचा नाही. आता जिन्यात भेटले की ते थांबून बोलतात.

अंगणातल्या झाडाखाली एक बाक आहे, त्यावर ठरलेल्या वेळी प्रशिक्षण घेतलेल्या वयस्कर बायका बसतात. झिम्बाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेत १४ आज्यांना शिकवून हे काम उभं केलं. पुढे ५७३ रुग्णांवर झालेला त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बाकावर येऊन बोललेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बराच कमी आढळला. समुपदेशकाची वेळ मिळायला आठवडे लागतात, तोवर हा बाक खरोखर आधार देतो. मोठ्यांसाठी उत्तम आहे. मुलं मात्र तिकडे फिरकत नाहीत. बाक फाटकासमोर आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. मुलांसाठी करायचं असेल तर जागा बदलावी लागेल.

शेजाऱ्यांच्या मदतीची यादी ही आणखी एक चांगली गोष्ट. रात्री-अपरात्री गाडी काढू शकेल असं कोण, लहान मूल तासभर सांभाळेल असं कोण, रुग्णालयात सोबत बसेल असं कोण, याची नोंद असते. तुम्ही तासभर मदत केलीत की तुमच्या खात्यावर एक तास जमा होतो, तो गरजेच्या वेळी वापरायचा. वकिलाचा तास आणि झाडू मारणाऱ्याचा तास इथे सारखाच. एडगर कान या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात मांडलेली ही कल्पना. मदत मागायला संकोचणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ती फार सोयीची आहे, कारण आपण फुकट काही घेत नाही. मी लोकांना रुग्णालयाचे कागद भरून देते. माझी रात्रपाळी असते तेव्हा शेजारच्या वहिनी भाचीबरोबर येऊन थांबतात.

आता वार्षिक मेळाव्याबद्दल. तो मला अजिबात आवडला नाही. एवढं सुंदर काम करणाऱ्या लोकांनी एवढा कंटाळवाणा कार्यक्रम का करावा? भाषणांवर भाषणं झाली, मुलं उन्हात बसली, आणि ज्या स्वयंसेवकांनी वर्षभर राबून हे उभं केलं त्यांना दोन शब्द बोलायलाही बोलावलं नाही. त्याहून गंभीर म्हणजे फोटो. दुःखाच्या गटातल्या मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढले आणि पालकांना न विचारता सगळीकडे पाठवले. आपण त्या गटात जातो हे भाचीनं शाळेत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मी आणि आणखी दोन घरांनी तक्रार केल्यावर फोटो काढून टाकले, आणि आता प्रत्येक कार्यक्रमाआधी लेखी परवानगी घेतात. ज्यांना फोटो नको त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाची फीत असते. जे केंद्र नोंदणीच्या टेबलावर एवढी काळजी घेतं, त्यानं ती मेळाव्यात सोडून द्यावी, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

आणखी दोन उणिवा आहेत. मोठ्या मुलांच्या खोलीची आणि चिमुकल्यांच्या खेळघराची भिंत एकच आहे. पलीकडून ढोलके वाजत असताना इकडे गटात कोणी बोलू शकत नाही. वेळापत्रकात थोडी हलवाहलव केली तरी हे सुटेल. दुसरी उणीव मोठी आहे: खोली संध्याकाळी फार लवकर बंद होते. शाळा आणि शिकवणी आटोपून मुलं येतात तेव्हा जेमतेम अर्धा तास उरलेला असतो, आणि जास्त वयाची, कामाला जाणारी मुलं तर येऊच शकत नाहीत. ज्यांना घरी जावंसं वाटत नाही त्या मुलांना सगळ्यात जड जातो तो संध्याकाळनंतरचा वेळ. आम्ही काही पालकांनी आळीपाळीनं दुसरं मोठं माणूस म्हणून बसायची तयारी दाखवली आहे. आमचीही पार्श्वभूमी तपासणी आणि प्रशिक्षण चालू आहे. ते झालं की आठवड्यातले दोन दिवस खोली उशिरापर्यंत उघडी राहील असं ताईंनी कळवलं आहे.

कोणाला जाऊन बघायचं असेल तर मेळाव्याच्या दिवशी जाऊ नका, साध्या वारी जा. मुलाला आधी खोली दाखवून आणा आणि तिथल्या माणसांना विचारा, पुढच्या आठवड्यात या वेळेला तुम्हीच असाल का? मूल आत गेलं की दारात रेंगाळू नका. घरी आल्यावर काय झालं ते खोदून विचारू नका. येण्या-जाण्याची वही पुढच्या टेबलावर असते. मुलांनी त्यात पूर्ण नाव लिहायची सक्ती नाही, आणि पहिल्या दिवशी फॉर्म भरावाच लागत नाही.